रक्तातील खूण आणि घरातील माणसे

घरातील एखाद्या तरुण मुलीला ल्युपस झाल्याचे निदान होते, तेव्हा दवाखान्यातून परतणारी माणसे एकच चिंता घेऊन परतत नाहीत. पहिली चिंता उघडपणे बोलली जाते. ती आजारी मुलीची असते. दुसरी स्वयंपाकघरात, जिन्यावर किंवा रात्री दिवे मालवल्यावर हलक्या आवाजात बोलली जाते : "अक्काला झालं, मग धाकटीचं काय?"

सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या मध्यमवर्गीय घरात पुढचे चित्र बहुधा असे उलगडते. थोरलीच्या गालांवर उन्हात गेल्यावर तांबूस चट्टा उमटत होता, बोटांचे सांधे सकाळी आखडत होते, केस गळत होते. अखेर लघवीतून प्रथिने जाऊ लागल्याचे कळले आणि संधिवाततज्ज्ञांनी आजाराला नाव दिले. आठवडाभरात एखादे हितचिंतक काका सुचवतात, "एकदा सगळ्यांचंच रक्त तपासून घ्या, म्हणजे मनाला शांती." सगळ्यांचे रक्त दिले जाते. अण्णांचा अहवाल निर्दोष येतो. आईच्या अहवालावर 'ए.एन.ए. पॉझिटिव्ह, १:८०' असे असते, तर धाकटीच्या अहवालावर 'पॉझिटिव्ह, १:१६०'. धाकटीला कसलीही तक्रार नसते. ती रोज कामावर जाते, जेवते, हसते. तिच्यासाठी स्थळे पाहणे सुरू झालेले असते. मनाला शांती मिळावी म्हणून केलेल्या तपासणीने घराची झोप उडते. तो कागद कपाटात साड्यांच्या घडीखाली जातो आणि त्याविषयी कोणी बोलेनासे होते.

त्या कागदावर नेमके काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, हे समजून घेणे अशा प्रत्येक घराला आवश्यक आहे. कागदाची अकारण भीती जितकी घातक, तितकेच त्याकडे चुकीच्या वेळी केलेले दुर्लक्षही घातक ठरू शकते.

आजारांचे कुटुंब

त्वचा, सांधे, रक्तवाहिन्या आणि अवयवांना आधार देणारे जाळे ज्या ऊतकांचे बनते, त्यांना संयोजी ऊतक म्हणतात. शरीराची संरक्षणयंत्रणा बाहेरच्या जंतूंऐवजी आपल्याच शरीराच्या घटकांवर उलटली, की या ऊतकांमध्ये दाह निर्माण होतो. ल्युपस, शोग्रेनचा आजार, स्क्लेरोडर्मा, डर्माटोमायोसायटिस आणि आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ही या घराण्यातील प्रमुख नावे. १९७२ साली यांपैकी अनेकांची लक्षणे एकत्र दिसणारा 'मिश्र संयोजी ऊतक रोग' वर्णिला गेला. यांतील बहुतेक आजार स्त्रियांना अधिक होतात. ल्युपसच्या दर १० रुग्णांमध्ये साधारण ९ स्त्रिया असतात आणि त्यांतील बऱ्याच जणींना तो ऐन तारुण्यात गाठतो. लग्न, बाळंतपण, नोकरी या सर्व गोष्टी ज्या वयात ठरायच्या, त्याच वयात हा आजार दार ठोठावतो. म्हणून त्याची सावली बहिणींवर आणि मुलींवर पडलेली दिसते.

या आजारांचा माग रक्तात सापडू शकतो, हे कळायला १९४८ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ल्युपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळून बसलेल्या पांढऱ्या पेशी दिसल्या. पेशीच्या केंद्रकाविरुद्ध रक्तात काहीतरी वावरत आहे, याची ही पहिली खूण होती. १९५७ मध्ये जॉर्ज फ्रायू यांनी चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने ही केंद्रकविरोधी प्रतिपिंडे ओळखण्याची पद्धत मांडली. आजची ए.एन.ए. चाचणी त्याच पद्धतीची वंशज आहे.

चाचणी कशी होते, हे कळले तर आकड्यांची भीती निम्मी ओसरते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी काचपट्टीवर ठेवलेल्या असतात. तपासायच्या व्यक्तीचे रक्तद्रव पातळ करून त्यांवर सोडतात. त्यात केंद्रकाला चिकटणारी प्रतिपिंडे असली, तर रंगद्रव्य घातल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रके हिरवी चमकतात. मग रक्तद्रव ४० पट, ८० पट, १६० पट, ३२० पट असे उत्तरोत्तर पातळ करत नेतात. किती पातळ करूनही चमक टिकली, तो आकडा अहवालावर येतो. १:८० म्हणजे ८० पट पातळ केल्यावरही चमक दिसली. आकडा जितका मोठा, तितकी प्रतिपिंडांची मात्रा अधिक.

निरोगी माणसांचे काय?

ही चमक केवळ आजारी माणसांच्याच रक्तात दिसली असती, तर धाकटीच्या अहवालाचा अर्थ सरळ होता. तसे नाही. १९९७ साली एंग टॅन आणि अनेक देशांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी प्रौढांचे रक्त तपासून प्रसिद्ध केलेले आकडे आजही मार्गदर्शक मानले जातात. ४० पट पातळ केलेल्या रक्तद्रवात दर १०० निरोगी माणसांपैकी सुमारे ३२ जणांची चाचणी पॉझिटिव्ह आली. ८० पटीला हे प्रमाण सुमारे १३ होते, १६० पटीला ५ आणि ३२० पटीला ३ पेक्षा किंचित अधिक. याचा अर्थ, आईच्या अहवालावरचा १:८० हा आकडा दर सात-आठ निरोगी माणसांमागे एकाच्या अहवालावर दिसू शकतो आणि धाकटीचा १:१६० दर विसांमागे एकाच्या.

वय वाढते तशी ही चाचणी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता वाढते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये ती अधिक असते. थायरॉइडचे स्वप्रतिकारजन्य विकार, यकृताचे काही आजार, काही दीर्घ संसर्ग यांतही ती पॉझिटिव्ह येते. काही औषधांनीही हे घडते. क्षयरोगावर दिले जाणारे आयसोनियाझिड आणि रक्तदाबावरील हायड्रालाझिन ही त्यांतील जुनी उदाहरणे होत. म्हणून 'ए.एन.ए. पॉझिटिव्ह' हे एखाद्या आजाराचे नाव नव्हे. ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांमध्ये ही चाचणी पॉझिटिव्ह असते, हे खरे. पण पॉझिटिव्ह चाचणी असलेल्या माणसांतील फार थोड्यांना ल्युपस असतो, हेही तितकेच खरे.

२०१९ साली युरोप आणि अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी ल्युपसच्या वर्गीकरणाचे जे निकष ठरवले, त्यांत ए.एन.ए. चाचणीला स्थान आहे ते केवळ उंबरठ्याचे. किमान १:८० असेल तरच पुढची मोजणी सुरू करायची. त्यानंतर त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्तपेशी, हृदय-फुप्फुसांची आवरणे आणि इतर रक्तचाचण्या यांवरून गुण द्यायचे. त्यांची बेरीज १० किंवा अधिक व्हावी लागते आणि त्यांत किमान एक तरी प्रत्यक्ष शारीरिक पुरावा असावा लागतो. केवळ रक्तातील खुणेवर कोणालाही ल्युपसचा रुग्ण म्हणता येत नाही.

नात्यातील रक्त

तरीही काकांची शंका अगदीच निराधार नव्हती. संयोजी ऊतकांच्या आजारांनी ग्रासलेल्या रुग्णांचे आईवडील, भावंडे आणि मुले यांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे इतरांपेक्षा अधिक वेळा सापडतात, हे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. ए.एन.ए.च नव्हे, तर शोग्रेनशी आणि ल्युपसशी निगडित असलेले रो-विरोधी प्रतिपिंड, आमवाताशी निगडित असलेला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि सी.सी.पी.विरोधी प्रतिपिंड, थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे हीदेखील अशा घरांत अधिक दिसतात. एकाच घरात एका बहिणीला ल्युपस, दुसरीला थायरॉइडचा विकार आणि मावशीला आमवात, असे चित्र संधिवाततज्ज्ञांना अपरिचित नाही.

यामागे आनुवंशिकतेचा वाटा निश्चित आहे. ल्युपसशी संबंध असलेली शंभराहून अधिक जनुकीय स्थाने आजवर सापडली आहेत. मात्र त्यांतील जवळजवळ प्रत्येकाचा प्रभाव अल्प असतो. एकाच जनुकाच्या दोषामुळे ल्युपस होणे फार विरळ आहे. संरक्षणयंत्रणेतील 'सी-वन-क्यू' नावाचे प्रथिन जन्मतःच नसणाऱ्या मुलांमध्ये मात्र बहुतेकांना ल्युपस होतो. हा दोष मातापित्यांकडून दोन्ही बाजूंनी यावा लागत असल्याने तो जवळच्या नात्यातील विवाहांत अधिक आढळतो. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत असलेल्या दक्षिण महाराष्ट्रात, अगदी लहान वयात ल्युपस झालेल्या मुलाच्या घरी डॉक्टर नात्याविषयी प्रश्न विचारतात, त्याचे कारण हे आहे. एरवी मोठेपणी होणाऱ्या ल्युपसचा दोष कोणा एका आईच्या किंवा वडिलांच्या माथी मारण्यास शास्त्राचा काहीही आधार नाही.

जनुके हेच सर्वस्व असते, तर जुळ्या भावंडांची कथा वेगळी असती. एकाच बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांची जनुके सारखीच असतात. १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा जुळ्यांपैकी एकाला ल्युपस असता दुसऱ्यालाही तो असल्याचे प्रमाण सुमारे २४ टक्के निघाले. दोन बीजांपासून जन्मलेल्या जुळ्यांमध्ये ते सुमारे २ टक्के होते. दोहोंतील फरक जनुकांचे महत्त्व दाखवतो. पण जनुके तंतोतंत सारखी असूनही चारांपैकी तिघे निरोगी राहिले, ही त्याच आकड्याची दुसरी बाजू आहे आणि घाबरलेल्या घराला तीच आधी सांगायला हवी.

सर्वांत मोठा हिशेब तैवानमधून आला. तेथील राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींतून २०१० सालच्या २ कोटी ३६ लाखांहून अधिक लोकांची नाती जुळवून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ल्युपसच्या रुग्णाच्या भावंडाला ल्युपस असण्याचे प्रमाण सर्वसाधारण माणसाच्या सुमारे २४ पट, अपत्यांत सुमारे १४ पट आणि आईवडिलांत सुमारे ११ पट आढळले. '२४ पट' हे शब्द ऐकून कोणाचाही थरकाप होईल. पण किती पट हे कळल्यावर कशाच्या पट, हेही विचारावे लागते. मूळ आजारच विरळ आहे. प्रत्येक हजार माणसांमागे एकाला ल्युपस असतो, असे बरेच चढे प्रमाण गृहीत धरले, तरी त्याच्या २४ पट म्हणजे हजारामागे २४ होतात. म्हणजेच १०० भावंडांमागे दोन-तीन. बहिणींसाठी हा आकडा भावांपेक्षा अधिक धरावा लागेल, हे उघड आहे. तरीही रुग्णांच्या बहिणींपैकी फार मोठ्या संख्येला हा आजार होत नाही, या निष्कर्षात बदल होत नाही.

त्याच अभ्यासात रुग्णांच्या जोडीदारांतही ल्युपसचे प्रमाण सुमारे साडेचार पट आढळले. पतिपत्नींत रक्ताचे नाते नसते. १९७० च्या दशकातही ल्युपसच्या रुग्णांबरोबर एकाच घरात राहणाऱ्या, पण रक्ताचे नाते नसलेल्या माणसांच्या रक्तात पांढऱ्या पेशींविरुद्धची काही प्रतिपिंडे अधिक प्रमाणात सापडली होती. यावरून हा आजार संसर्गजन्य आहे, असा अर्थ कोणी काढू नये. तो स्पर्शाने, ताटातून, अंथरुणातून किंवा सहवासातून पसरत नाही. एकाच घरात राहणाऱ्यांचे वातावरण, धूर, काही साधे विषाणूसंसर्ग हे समान असतात. शिवाय ज्या घरात एक रुग्ण आहे, तेथे दुसऱ्याची लक्षणे लवकर ओळखली जातात. जोडीदारांतील थोड्याशा वाढीमागे अशी कारणे संभवतात.

आजारापूर्वीची वर्षे

कुटुंबीयांच्या रक्तातील खुणांकडे शास्त्रज्ञ इतक्या उत्सुकतेने का पाहतात, याचे उत्तर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे सैनिकांच्या रक्तद्रवाचे नमुने वर्षानुवर्षे गोठवून जपलेले असतात. पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांचे जुने नमुने मेलिसा आर्बकल, जॉन हार्ली आणि सहकाऱ्यांनी बाहेर काढून तपासले. त्यांपैकी ११५ जणांच्या रक्तात, म्हणजे ८८ टक्के व्यक्तींमध्ये, निदानापूर्वीच एक तरी स्वप्रतिपिंड हजर होते. काहींच्या बाबतीत तर ते नऊ वर्षांहून अधिक काळ आधी होते. प्रतिपिंडांचे येणेही एका क्रमाने घडलेले दिसले. ए.एन.ए., रो-विरोधी आणि फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे बरीच आधी आली, डी.एन.ए.विरोधी त्यानंतर, आणि एस.एम.विरोधी व आर.एन.पी.विरोधी प्रतिपिंडे आजार प्रकट होण्याच्या सुमारास. आमवाताबाबतही नेदरलँड्स आणि स्वीडनमधील रक्तपेढ्यांच्या जुन्या नमुन्यांवरून असेच दिसून आले आहे.

या अभ्यासाचा अर्थ लावताना सर्वसामान्यांची एक गफलत होते. तो आजारी माणसांपासून सुरू होऊन मागे पाहत गेला. साताऱ्याहून महामार्गाने पुण्याला पोहोचलेली प्रत्येक मोटार शिरवळवरून गेलेली असते. पण शिरवळला दिसणारी प्रत्येक मोटार पुण्यालाच निघालेली नसते. कोणी तेथेच थांबते, कोणी दुसऱ्या फाट्याला वळते, कोणी परत फिरते. रक्तात खूण असलेली पुष्कळ माणसे आयुष्यभर तेथेच थांबतात आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

पुढे पाहणारा अभ्यास अमेरिकेतील ओक्लाहोमा येथून आला. ल्युपसग्रस्त कुटुंबांतील, पण स्वतःला आजार नसलेल्या ४०९ नातेवाइकांची सरासरी सहा वर्षांहून अधिक काळानंतर पुन्हा तपासणी केली गेली. त्यांतील ४५ जणांना, म्हणजे सुमारे ११ टक्क्यांना, दरम्यान ल्युपस झाला होता. उरलेल्या ३६४ जणांना झाला नव्हता. ही कुटुंबे संशोधनासाठी नोंदलेली होती, त्यामुळे हे प्रमाण प्रत्येक घराला जसेच्या तसे लावता येत नाही. कोण पुढे जाईल आणि कोण थांबेल, हे आधी ओळखता यावे यासाठी असे अभ्यास चालू आहेत. आजार प्रकट होण्यापूर्वीच औषध देऊन त्याला रोखता येईल का, याच्याही चाचण्या झाल्या आणि होत आहेत. परंतु ज्याला कोणतेही लक्षण नाही, अशा नातेवाइकाने केवळ रक्तातील खुणेसाठी औषध घ्यावे, असा सर्वमान्य सल्ला आजही दिला जात नाही. स्टिरॉइड तर नाहीच नाही.

कोणी तपासावे, काय तपासावे

यावरून पहिला व्यावहारिक निष्कर्ष निघतो. घरात एकाला संयोजी ऊतकाचा आजार झाला म्हणून सरसकट सर्वांची ए.एन.ए. चाचणी करू नये. लक्षणे नसताना ती केल्यास बहुधा उत्तर मिळत नाही, केवळ नवा प्रश्न मिळतो. लक्षणे असतील, तर मात्र विलंब करू नये. सहा आठवड्यांहून अधिक काळ सकाळी तासभर आखडणारे सांधे, उन्हाने उठणारा चेहऱ्यावरील चट्टा, तोंडात वारंवार येणारे व्रण, थंडीत किंवा गार पाण्यात हात घालताच पांढरी-निळी पडणारी बोटे, सतत कोरडे पडणारे डोळे व तोंड, कारणाविना रेंगाळणारा ताप, खोल श्वास घेताना छातीत होणारी वेदना, पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज, फेसाळ लघवी यांपैकी काही असेल, तर घरातील आजाराचा इतिहास सांगून डॉक्टरांना दाखवावे. असा इतिहास ठाऊक असेल, तर डॉक्टरांना निदान लवकर करता येते. कुटुंबातील आजार माहीत असण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

दुसरे असे की, महागड्या प्रतिपिंड-चाचण्यांपेक्षा साध्या तपासण्या पुष्कळदा अधिक बोलतात. रक्तदाब, रक्तपेशींची मोजणी, लघवीतील प्रथिनांची तपासणी आणि क्रिएटिनीन या गावोगावी उपलब्ध असलेल्या गोष्टी आहेत. मूत्रपिंडाला झालेली इजा वेदना देत नाही. ती प्रथम लघवीतच दिसते. थकवा, वजनातील बदल किंवा पाळीची अनियमितता असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

तिसरी बाब गर्भारपणाची. येथे दुर्लक्ष महागात पडू शकते. रो-विरोधी प्रतिपिंड एखाद्या स्त्रीच्या रक्तात असूनही ती स्वतः ठणठणीत असू शकते. परंतु हे प्रतिपिंड वारेतून गर्भाकडे जाते. अशा १०० गर्भारपणांपैकी एखाद-दुसऱ्यात ते बाळाच्या हृदयातील विद्युतसंदेशाच्या मार्गाला इजा करते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. हा अडथळा बहुधा १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान लक्षात येतो. तो पूर्ण झाला तर परत फिरत नाही आणि बाळाला जन्मानंतर पेसमेकर बसवावा लागू शकतो. पहिल्या बाळाला हा त्रास झाला असेल, तर पुढच्या खेपेस तो होण्याची शक्यता साधारण सहांत एक इतकी वाढते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा मातांना गर्भारपणाच्या प्रारंभापासून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिल्यास ही शक्यता निम्म्याहून कमी होत असल्याचे दिसले. फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे असतील, तर वारंवार गर्भपात होणे किंवा रक्ताच्या गुठळ्या होणे संभवते. तेथेही वेळीच दिलेल्या औषधांनी पुष्कळ माता सुखरूप बाळंत होतात. ही चाचणी एकदा पॉझिटिव्ह आली, तर १२ आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करावी लागते. म्हणून जिच्या आईला किंवा बहिणीला असा आजार आहे, तिने गर्भारपणाच्या पहिल्याच भेटीत स्त्रीरोगतज्ज्ञांना ते सांगावे. कोणती चाचणी करावी, ते त्यांना ठरवू द्यावे. सासरी सांगायचे नाही म्हणून डॉक्टरांनाही न सांगणे, हे पोटातील बाळावर अन्याय करणारे आहे.

घरात काय पाळावे

जनुके बदलता येत नाहीत. सवयी बदलता येतात. धूम्रपानाने आमवाताचा धोका निश्चितपणे वाढतो, विशेषतः त्या आजाराकडे कल असलेल्या जनुकांच्या माणसांत. ल्युपसशीही त्याचा संबंध दिसून आला आहे. आजारी मुलीच्या वडिलांनी किंवा भावाने विडी-सिगारेट सोडणे, हा तिच्यासाठीही आणि स्वतःसाठीही उपचारच आहे. 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' चूर्णे व गोळ्या अशा घरात मोठ्या प्रेमाने आणल्या जातात. पण जेथे संरक्षणयंत्रणाच आपल्या माणसांवर उलटलेली आहे, तेथे तिला आणखी चिथावण्यात हित नाही. आरोग्यवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या अल्फाल्फाच्या मोडांचे आणि गोळ्यांचे उदाहरण बोलके आहे. अल्फाल्फा म्हणजे आपल्याकडे जनावरांना घातला जाणारा लसूणघास. त्यातील कॅनाव्हॅनिन नावाच्या द्रव्यामुळे माकडांत ल्युपससारखा विकार निर्माण झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून ल्युपसच्या रुग्णांना ते वर्ज्य सांगितले जाते आणि त्या घरातील इतरांनीही त्याच्या नादी लागण्याचे कारण नाही. साधे घरचे जेवण, पुरेशी झोप, बेताचा व्यायाम यांपलीकडे निरोगी नातेवाइकाला विशेष पथ्य नाही.

त्या कागदाचे काय करावे

आता पुन्हा त्या कपाटातील कागदाकडे. धाकटीने तो घेऊन संधिवाततज्ज्ञांकडे एकदा जावे, हे योग्यच. तेथे तिला सविस्तर प्रश्न विचारले जातील, सांधे आणि त्वचा पाहिली जाईल, रक्तदाब, रक्तपेशी, लघवी तपासली जाईल. हे सर्व निर्दोष असेल, तर तिला सांगितले जाईल, की तिला आजार नाही. अमुक लक्षणे दिसली तर यावे, एरवी दर काही महिन्यांनी तीच ए.एन.ए. चाचणी करत राहण्याची गरज नाही. एकदा पॉझिटिव्ह आलेली ही चाचणी पुन्हा पुन्हा केल्याने नवे काही कळत नाही. आकडा थोडा खालीवर होतो आणि घराचा जीव प्रत्येक वेळी टांगणीला लागतो.

अडचण वैद्यकापेक्षा व्यवहाराची असते. स्थळ आले, तर सांगायचे काय? येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. बहिणीचा आजार ही वस्तुस्थिती आहे. ती दोन्ही घरांच्या ओळखीपाळखीतून पुढे कळणारच. ती लपवून जोडलेले नाते पहिल्या दिवसापासून संशयावर उभे राहते. ती सरळ, नेमक्या शब्दांत सांगावी, मात्र थोरलीच्या संमतीने, कारण आजार तिचा आहे. धाकटीच्या अहवालावरचा आकडा मात्र आजार नव्हे. तो सांगायचा की नाही, कोणाला आणि केव्हा, हे ठरवण्याचा अधिकार धाकटीचा आहे. काकांचा नाही, आणि तिला न विचारता तो सर्वांसमोर वाचून दाखवणाऱ्या कोणाचाही नाही. खरे तर तिचे रक्त देण्यापूर्वीच तिला विचारायला हवे होते, या चाचणीतून काय निघू शकते आणि ते निघाल्यावर काय होऊ शकते, हे समजावून सांगायला हवे होते. अजाण मुलांच्या बाबतीत तर लक्षणे नसताना अशा चाचण्या न करणेच श्रेयस्कर. मुलाच्या कपाळी लहानपणीच एक शिक्का बसतो, तो पुढे पुसता येत नाही.

आणि या सर्व धांदलीत एक माणूस मागे पडते. घरातील प्रत्येक जण आपापल्या अहवालात डोके घालून बसला असताना थोरली खोलीच्या एका बाजूला बसलेली असते. आपल्यामुळे धाकटीचे लग्न अडणार, आपल्यामुळे आई रात्रभर जागी, असे तिच्या मनाने घेतलेले असते. तिचा आजार कोणाच्याही चुकीने आलेला नाही आणि तिच्याकडून कोणालाही गेलेला नाही, हे तिला कोणीतरी मोठ्याने सांगावे लागते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रोज वेळेवर घेणे, डोळ्यांची ठरावीक तपासणी, उन्हापासून संरक्षण, ठरल्या वेळी लघवीची तपासणी, स्टिरॉइड मनाने बंद न करणे यांवर तिची पुढची अनेक वर्षे अवलंबून आहेत. आज यथायोग्य उपचारांनी ल्युपसचे बहुसंख्य रुग्ण शिकतात, नोकरी करतात, संसार करतात, आईवडील होतात. घराने आपली चिंता कोठे खर्च करावी, याचे उत्तर येथे आहे.

समजूतदार घरात शेवट असा होतो. कागद साड्यांच्या घडीखालून बाहेर येतो. त्याच्या मागच्या बाजूला तारीख आणि डॉक्टरांचा अभिप्राय लिहून तो धाकटीच्या फाइलमध्ये लावला जातो. ती फाइल तिच्याच ताब्यात असते. आई काकांना चहा देताना शांतपणे सांगते, "तिला काही झालेलं नाही, डॉक्टरांनी नीट तपासलंय." आणि तीन महिन्यांनी थोरलीची लघवी तपासण्याची वेळ येते, तेव्हा सकाळी लवकर उठून तिच्याबरोबर प्रयोगशाळेत जाते ती धाकटीच. या खेपेस रक्त फक्त थोरलीचे द्यायचे असते.